ज्याची हौस, त्याच्या खांद्यावर

मराठी भाषेत पिशवीला किती शब्द असावेत, याची मोजदाद तुम्ही कधी केली आहे का? वर्गात मी एकदा मुलांकडून ती करवून घेतली, तेव्हा फळा पुरला नाही. झोळी, थैली, बटवा, चंची, कसा, पडशी, पोतडी, बोचके, गाठोडे, वळकटी, दप्तर, पखाल आणि तोबरा! गंमत अशी, की यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चंचीत पान-सुपारी राहते, आजीबाईच्या बटव्यात औषधे. कसा कमरेला बांधावयाचा आणि त्यात पैसे जपावयाचे. पखालीत पाणी, तोबऱ्यात घोड्याचे चणे. पडशीला दोन कप्पे; एक छातीवर लोंबतो, एक पाठीवर, म्हणजे लांबच्या वाटेवर ओझे दोहीकडे सारखे राहते. आपल्या वाडवडिलांनी पिशवीचे बारसे करताना ती दिसावयास किती सुरेख आहे, हे पाहिले नाही. तिच्यात काय जायचे, ती कोठवर न्यावयाची आणि ती कोण वाहणार, एवढेच त्यांनी पाहिले.

काय, कोठे आणि कोण! हे तीन प्रश्न विसरून आपण हल्ली पिशव्या घेतो, आणि त्यातल्या त्यात कॅमेऱ्याची बॅग घेताना तर हटकून विसरतो.

कोणी म्हणेल, की या मोबाईलच्या दिवसांत कॅमेऱ्याच्या बॅगेची चिंता कोणाला? खरे आहे. बहुतेक घरांतून फोटोचे काम खिशातल्या मोबाईलनेच उचलले आहे. पण ज्याला फोटोची खरी गोडी लागते, तो एक ना एक दिवस कॅमेऱ्यापाशी येऊन ठेपतो. झाडावरचा पक्षी, रंगमंचावरची गायिका, किल्ल्याच्या तटावरून दिसणारी दूरची डोंगररांग मनासारखी टिपायची म्हटले, की त्याला वेगळ्या लेन्स हव्याशा वाटू लागतात. मग घरात कॅमेरा येतो, आणि त्याच्या मागोमाग, वरातीमागून घोडे यावे तसा, बॅगेचा प्रश्न येतो.

माझ्या भाचीचे असेच झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या शिलकीतून तिने कॅमेरा घेतला आणि एका रविवारी ती आमच्याकडे आली.

"मामा, कॅमेरा झाला. आता त्याला बॅग कोणती घेऊ? दुकानात इतक्या तऱ्हा आहेत, की डोकंच चालेनासं झालंय."

"तू कॅमेरा घेऊन कुठं कुठं जाणार आहेस?" मी विचारले.

"अहो मामा, मी बॅगेचं विचारतेय!"

"मीही बॅगेचंच विचारतो आहे."

ती हसली, पण तिने बोटे मोडून हिशेब सांगितला. रोजची कल्याणहून मुंबईची लोकल, पावसाळा सरला की महिन्या-दोन महिन्यांनी एखादा किल्ला, आणि घरातली लग्नेकार्ये. मी म्हटले, "बस, अर्धी बॅग तर तू आताच निवडलीस." उरलेली अर्धी कशी निवडावी, ते या लेखात सांगतो, कारण या दिवाळीत हा प्रश्न आणखी काही घरांतून निघाला असेल, असा माझा अंदाज आहे.

पहिला प्रश्न: 'काय?' याचे उत्तर तराजूने द्यावे. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर कॅमेरा ठेवा आणि आकडा कागदावर लिहा. उदाहरणादाखल, नवशिक्यांसाठी २०१८ साली निघालेला कॅननचा १५००डी हा कॅमेरा बॅटरीसकट ४७५ ग्रॅम भरतो. त्याच्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स सुमारे २०० ग्रॅम. म्हणजे सगळा संसार पावणेसातशे ग्रॅमचा! आता दुकानात जी भरभक्कम, चौदा कप्प्यांची सॅक मोठ्या डौलाने टांगलेली असते, तिचे रिकामे वजन बहुधा दीड-दोन किलो असते. पावणेसातशे ग्रॅमच्या नवरीला दोन किलोची पालखी! यात भोई दमले, तर नवल ते काय?

"पण पुढेमागे मोठी लेन्स घेतली तर?" हा प्रश्न ठरलेला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची रीत आहे, आणि तीच बॅगेलाही लावली जाते. मूल वाढते, हे खरे. पण लेन्स आपोआप वाढत नाहीत. त्यांना पैसे पडतात. व्यावसायिक मंडळी वापरतात ती ७०-२०० ची मोठी लेन्स एकटीच दीड किलोच्या घरात जाते. ती घेण्याचा दिवस उगवला, म्हणजे तिच्यापुढे बॅगेची किंमत किरकोळ वाटेल. तेव्हा आज आहे त्या सामानाला पुरेल आणि वर आणखी एका लेन्सपुरती जागा राहील, एवढीच बॅग घ्यावी. रिकामा कप्पा फार दिवस रिकामा राहत नाही. त्यात चार्जर जातो, जुन्या पावत्या जातात, घडीची छत्री जाते, आणि मग वर्षभर आपण त्या छत्रीला गावोगाव फिरवून आणतो.

मोठ्या बॅगेचा दुसरा तोटा असा, की सामान आत हलते. कॅमेऱ्याला खरे भय बाहेरच्या धक्क्याइतकेच आतल्या आदळआपटीचे असते. म्हणून कप्प्यांच्या फोमच्या भिंती हलवता येतात की नाही, हे पाहावे, आणि प्रत्येक वस्तू अंगासरशी बसेल अशा त्या लावून घ्याव्यात. भिंतीपेक्षाही तळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण बॅग खाली टेकते ती तळावर. दमलेला माणूस ती टेकत नाही, टाकतो. तळाचा फोम बोटाने दाबून पाहावा. बोट सरळ पलीकडच्या कापडाला लागले, तर ती बॅग नव्हे, नुसती पिशवी.

विमानाने जाणाऱ्यांनी वजनाचा कागद विशेष जपून ठेवावा. देशातल्या प्रवासात जवळ बाळगावयाच्या सामानाला सामान्यतः ७ किलोंची मर्यादा असते. त्यात बॅगेचेच दोन किलो गेले, तर उरले पाच. शिवाय सुट्या लिथियम बॅटऱ्या खालच्या सामानात टाकता येत नाहीत, त्या जवळच न्याव्या लागतात. कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्या १०० वॅट-अवरच्या सर्वसाधारण मर्यादेच्या पुष्कळ आत बसतात. पण त्यांची धातूची टोके एकमेकींना किंवा किल्ल्यांना लागू नयेत, म्हणून त्यांना झाकण असावे आणि बॅगेत त्यांचा एक निराळा खिसा असावा.

दुसरा प्रश्न: 'कोठे?' येथे एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. मार्टिन बिलिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी १९७३ साली इंग्लंडात मासे धरणाऱ्यांसाठी पिशव्या शिवण्याचा व्यवसाय सुरू केला. १९७८ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की न्यूयॉर्कला जाणाऱ्या आपल्या पिशव्या मासेवाले नेतच नाहीत, फोटोग्राफर नेतात! पाण्याकाठी उघड्यावर टिकणारी, चटकन हात घालता येणारी आणि खांद्याला बोचणार नाही अशी पिशवी त्यांना हवी होती. मग ती गळ ठेवण्यासाठी केली आहे की कॅमेऱ्यासाठी, याची त्यांना काय पर्वा? त्याच दशकात अमेरिकेत 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या दैनिकाचे फोटोग्राफर जिम डोम्के यांनी स्वतःसाठी आणि आपल्या सोबत्यांसाठी जाड्याभरड्या कॅनव्हासची एक मऊ पिशवी करवली, आणि पुढे ती जगभरच्या वार्ताहरांच्या खांद्यावर दिसू लागली. त्याच्याही आधी, १९६७ साली, ग्रेग लो नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने पाठीवरच्या सॅका करण्याचा उद्योग आरंभला, आणि त्यातूनच डोंगरात नेण्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगा निघाल्या. या तीन माणसांनी तीन जागा पाहिल्या: एकाने पाणवठा, दुसऱ्याने शहराचा रस्ता, तिसऱ्याने डोंगर. तीन जागांच्या तीन पिशव्या झाल्या. सर्व जागी चालणारी एक पिशवी तिघांपैकी एकालाही सापडली नाही. ती आपल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात सापडेल, अशी आशा कशाला धरावी?

आता आपल्या जागा पाहू.

लोकलमध्ये पाठीवरची सॅक ही दोघांना शत्रू. मागच्या प्रवाशाच्या छातीत ती घुसते, आणि तिच्या चेनशी कोण खेळत आहे, हे मालकाला दिसत नाही. तिथे गळ्यातून तिरकी अडकवून काखेखाली किंवा पोटावर घेता येईल अशी लहान बॅग बरी. तिची चेन शरीराकडच्या बाजूला असावी, पट्टा निदान दोन बोटे रुंद असावा, आणि तिच्यावर कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नसावे. ते नाव म्हणजे चोराला घातलेले आवतण होय. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणाऱ्या बॅगेत हाच दोष फार. ती बॅगेपेक्षा जाहिरात अधिक असते.

किल्ल्यावर याच्या नेमके उलटे. राजगडाला चोर दरवाज्याने चढताना दोन्ही हात रेलिंगला आणि खडकाला हवे असतात. खांद्यावरची बॅग अशा वेळी पुढे झुकले की पुढे येते, वळले की बाजूला जाते, आणि नको त्या क्षणी तोल घालवते. तिथे पाठीला घट्ट बसणारी सॅकच पाहिजे, आणि तिला कमरेचा पट्टा पाहिजे. हा पट्टा शोभेचा नसतो. तो नीट आवळला, की ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर जातो, आणि संध्याकाळी मान जागच्या जागी राहते. जड वस्तू पाठीच्या अगदी जवळ ठेवावी, हलकी बाहेरच्या बाजूस. पडशीवाल्याला कळत होते तेच हे शास्त्र.

ताडोब्याला किंवा दुसऱ्या एखाद्या जंगलात उन्हाळ्यात जाल, तर उघड्या जीपमध्ये धुळीशी गाठ आहे. तिथे कप्प्यांची संख्या काय कामाची? वाघ काही तुमची चेन उघडेपर्यंत थांबत नाही. कॅमेरा मांडीवर घ्यावा आणि त्याच्यावर उशीचा एक स्वच्छ अभ्रा घालावा. अभ्र्याइतकी स्वस्त, हलकी आणि झटपट उघडणारी बॅग अजून कोणी काढलेली नाही! लेन्स मात्र धुळीत बदलू नये. बॅग पायाशी राहावी, आणि तिच्या चेनवर कापडाची पट्टी असावी, कारण धूळ शिरते ती चेनच्या दातांतूनच.

गाण्याच्या मैफलीत एक वेगळेच संकट असते. गायकाने आलापी नुकती सुरू केलेली असते, सभागृह निःशब्द असते, आणि मागच्या रांगेतून 'खर्रर्र' असा आवाज येतो. कोणी तरी बॅगेचे वेल्क्रो उघडलेले असते! शंभर माना वळतात. ज्यांना मैफली, नाटके किंवा बारशा-मुंजीतले हळवे क्षण टिपावयाचे असतील, त्यांनी वेल्क्रोऐवजी बक्कल किंवा चेन असलेली बॅग पाहावी. दुकानदारासमोर ती दोनतीनदा उघडून कान देऊन ऐकावी. त्याला तुम्ही चमत्कारिक वाटाल, पण तो काही मैफलीला येणार नाही.

आणि स्कूटर! बॅग डिकीत टाकू नये. खालून इंजिनाची ऊब आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हिसके, दोन्ही कॅमेऱ्याच्या प्रकृतीला मानवत नाहीत. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतही बॅग ठेवू नये. तिथे पारा सहज पन्नासावर जातो. माणसाच्या पाठीवर कॅमेऱ्याला जो आराम मिळतो, तो कोणत्याही वाहनात मिळत नाही.

मग भाचीसारख्या माणसाने काय करावे? तिला लोकलही आहे आणि किल्लाही आहे. दोन बॅगा घ्याव्या, तर खिसा नको म्हणतो. यावर एक तोड आहे. कापडाने मढवलेली, आत कप्पे असलेली फोमची एक पेटी निराळी मिळते. दुकानात तिला 'इन्सर्ट' म्हणतात. ती रोज ऑफिसच्या साध्या पिशवीत ठेवावी, आणि किल्ल्याच्या दिवशी उचलून घरातल्या ट्रेकच्या सॅकमध्ये ठेवावी. आपली जुनी शबनमसुद्धा तिच्यामुळे कॅमेऱ्याची बॅग बनते, आणि तिच्याकडे पाहून आत कॅमेरा असेल अशी शंका कोणाला येत नाही. मासे धरणाऱ्यांच्या पिशव्या नेणाऱ्या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफरांनी वेगळे काय केले होते?

पावसाळ्याबद्दल मात्र दोन शब्द स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर भाळू नये. कापडातून पाणी शिरत नसेल, तरी शिवणीतून आणि चेनमधून शिरते. वरून घालावयाचे रेनकव्हर असेल, तर उत्तमच. पण ते पाठीच्या बाजूला उघडे असते, आणि आपल्या मानेवरून ओघळणारे पाणी नेमके तिथून आत जाते. म्हणून कोकणात, घाटात जाणाऱ्याने आत आणखी एक रबरी अस्तराची पिशवी ठेवावी.

त्याहून महत्त्वाचे असे, की बॅग हे कॅमेऱ्याचे वाहन आहे, घर नव्हे. माझ्या वडिलांकडे एक ॲग्फा क्लिक-३ होता. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनणारा तो डबा-कॅमेरा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघावयाचे. त्याला तपकिरी कातड्याचे सुरेख कव्हर होते, आणि त्या कव्हरासकट तो लोखंडी कपाटात, चांगल्या कपड्यांच्या घडीखाली, वर्षानुवर्षे जपलेला असे. पुढे केव्हा तरी तो बाहेर काढला, तेव्हा कव्हर जसेच्या तसे चकचकीत होते, आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती. कातडे ओल धरून ठेवते, कपाटात वारा नाही, उजेड नाही. बुरशीला आणखी काय हवे? फोमच्या आधुनिक बॅगेचेही तसेच आहे. मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवणे, म्हणजे बुरशीला भाड्याने जागा देणे. घरी आल्यावर बॅग पालथी करून झटकावी आणि वाऱ्याला उघडी ठेवावी. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले, म्हणजे ते तापवून वाळवून घेता येतात. मात्र हे दाणे लहान मुलांच्या हाती आणि स्वयंपाकाच्या भांड्यांत जाऊ देऊ नयेत. आर्द्रता दाखवणारे लहानसे यंत्रही मिळते. त्याचा काटा डब्यात ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला, की निर्धास्त झोपावे.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: 'कोण?'

आमच्या शेजारी एक हौशी जोडपे राहते. हौशी म्हणजे, हौस त्यांना आहे आणि जोडपे दोघांचे आहे! गृहस्थ उत्तम फोटो काढतात. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो असताना त्यांनी आपल्या सहलींचे आल्बम आमच्यापुढे मांडले. महाबळेश्वर, वेरूळ, गणपतीपुळे. मुलांचे फोटो, आजींचे फोटो, मावळतीचे फोटो. एकाहून एक सरस. पाहता पाहता माझ्या पत्नीने सहज विचारले, "अहो वहिनी, तुम्ही कुठं दिसत नाही ते?"

वहिनी चकल्यांची ताटली पुढे करीत म्हणाल्या, "मी बॅग आहे ना!"

आम्ही सगळे हसलो. पण त्यांनी एक पान उलटून दाखवले. वेरूळच्या कैलासासमोर मुले उभी होती; आणि चौकटीच्या अगदी कडेला निळ्या साडीचा हातभर काठ आणि त्यावरून गेलेला एक काळा पट्टा दिसत होता. "ही मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण गृहस्थ हसता हसता थांबले आणि ते पान बराच वेळ पाहत राहिले.

असे आल्बम, वाचकहो, पुष्कळ घरांतून आहेत. मोठी, जड, चौदा कप्प्यांची बॅग घेतली जाते. ती खांद्यावर ठेवून उघडता येत नाही. मग 'जरा धर ग' असे म्हणून ती दुसऱ्याच्या हाती दिली जाते. ते 'जरा' दिवसभर चालते. कॅमेरा निघतो, लेन्स बदलते, झाकण सापडत नाही, आणि हे सर्व होईतो एक माणूस दोन्ही हातांनी बॅग सांभाळीत चौकटीच्या बाहेर उभे असते. हे माणूस बहुधा घरातली आई असते. कधी धाकटा भाऊ असतो, कधी सहलीला बरोबर आणलेला गरीब मित्र. पंधरा वर्षांनी मुले आल्बम उघडतात, तेव्हा त्यांना सगळी ठिकाणे दिसतात. त्या ठिकाणी त्यांना घेऊन गेलेली आई दिसत नाही. कॅमेरा बिघडला, तर दुरुस्त होतो. लेन्सवर बुरशी आली, तर दुसरी लेन्स मिळते. न काढलेला फोटो मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

या संदर्भात मला होमाई व्यारावाला यांची आठवण होते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती आहे. त्या १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि १९४२ साली दिल्लीला गेल्या. त्या काळचे कॅमेरे म्हणजे आजच्यासारखे पावणेसातशे ग्रॅमचे खेळणे नव्हते. तरी साडी नेसलेल्या या बाई आपले सामान घेऊन दिल्लीच्या रस्त्यांवरून सायकलने कामावर जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. आपले ओझे आपण वाहूनही केवढे काम होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. मग गणपतीपुळ्याच्या सहलीत आपल्याला भोई कशाला लागावा?

म्हणून बॅग निवडण्याची माझी कसोटी अगदी साधी आहे. ती दुकानात पाच मिनिटांत होते. जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा. बॅगेत सामान भरावे, ती अंगावर चढवावी, आणि बरोबरच्या माणसाला दूर खुर्चीवर बसवावे. आता कोणाचीही मदत न घेता, बॅग जमिनीवर न टेकता, कॅमेरा बाहेर काढावा. लेन्स खाली आणि मूठ वर अशी त्याची बैठक असली, तर तो एका हाताने निघतो. एक फोटो घ्यावा, कॅमेरा परत ठेवावा, चेन लावावी. हे सारे मनात वीस अंक मोजून होईतो झाले, तर बॅग तुमची. 'अहो, जरा इकडे धरा' असे तोंडातून निघाले, तर ती बॅग कितीही भारी असो, दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

हीच कसोटी शरीराची मापेही ठरवते. पुष्कळ सॅकांच्या पाठी उंच माणसाच्या मापाच्या असतात. ठेंगण्या बांध्याच्या माणसाला कमरेचा पट्टा कमरेखाली येतो आणि सगळे ओझे खांद्यांवर राहते. पट्टे पुरेसे आखूड होतात का, छातीवरचे बक्कल वर-खाली सरकते का, ओढणी किंवा पदर चेनमध्ये अडकतो का, हे ज्याचे त्याने अंगावर घालूनच पाहावे. बॅग ही चपलेसारखी आहे; दुसऱ्याने पसंत करून चालत नाही. ज्यांची मान किंवा पाठ दुखरी आहे, त्यांनी बॅगेपूर्वी सामानच कमी करावे. एक कॅमेरा आणि एक लेन्स एवढ्यावर माणूस आयुष्यभर आनंदाने फोटो काढू शकतो.

आणखी एक. कॅमेऱ्याच्या बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली ठेवू नये. घरच्या मंडळींचे सामान घरच्या पिशवीत, हौसेचे सामान हौसेच्या पिशवीत. असे केल्याने लेन्सवर लोणच्याचे तेल सांडत नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा असा, की 'तुझी बाटलीही त्यातच आहे, तेव्हा तूच घे' असे म्हणावयास कोणाला जागा राहत नाही.

भाचीने शेवटी ती फोमची पेटी घेतली. ऑफिसच्या पिशवीत ती बसते आणि ट्रेकच्या सॅकमध्येही. दुकानात तिने वीस अंक मोजावयास घेतले, आणि सोळालाच ती मोकळी झाली. घरी येऊन मला म्हणाली, "मामा, एवढ्या लहानशा पेटीसाठी तुम्ही मला एवढं मोठं व्याख्यान दिलंत!" मास्तर मंडळींचा हा स्वभावच आहे, त्याला काय करणार?

दिवाळी आली आहे. कोणाकडे नवा कॅमेरा येईल, कोणी जुनाच पुसून बाहेर काढील. पहाटेचे अभ्यंगस्नान, अंगणातली रांगोळी, फराळाचे ताट, भाऊबीजेची ओवाळणी, असे सगळे टिपून घ्या. फक्त फोटो काढण्यापूर्वी एकदा चौकटीच्या बाहेर पाहा. तिथे कोणी तरी तुमची बॅग धरून उभे असेल. ती त्यांच्या हातून घ्या, स्वतःच्या खांद्याला अडकवा, आणि त्यांना म्हणा, "तुम्ही तिकडं मध्ये उभ्या राहा पाहू!"